बाईंचं बारावं शहर

जर्मनीत पाऊलही न ठेवता तिथल्या अकरा शहरांत बिऱ्हाड मांडून मोडलेली बाई साऱ्या जगात एकच असावी, आणि ती मला भूगोल शिकवायला होती. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या शाळेत बाकीच्या शिक्षिकांना विषयाचं शेपूट लावावं लागायचं: गणिताच्या बाई, हिंदीच्या बाई, चित्रकलेच्या बाई. नुसतं ‘बाई’ म्हटलं की भूगोलाच्याच समजायच्या. उंची बेताची, आवाज मात्र मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा. फळ्यावर एका हातानं, मान न वळवता, खडू न उचलता त्या भारताचा नकाशा काढत आणि शेवटची रेघ बरोबर पहिल्या रेघेला येऊन मिळे. आमच्यातली निम्मी मुलं त्या रेघा मिळतात का एवढंच बघायला तासाला बसायची. मी त्यातलाच एक. मार्कही तसेच पडले.

शाळा सुटून पंधराएक वर्षांनी मी ठाण्यात नौपाड्याच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जर्मनच्या वर्गाला नाव घातलं. माजिवड्याला माझी नोकरी, आमच्या कंपनीचं एक ऑफिस स्टुटगार्टला, आणि भाषा आली तर तुला पाठवू असं साहेबांनी तोंडभरून सांगितलेलं. पहिल्या दिवशी आम्ही चौदा-पंधरा जण मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो. दार उघडलं आणि बाई आत आल्या. खांद्याला पिशवी, काखेत छत्रीच्या लांब खोळीत गुंडाळून ठेवलेलं काहीतरी. मी विचार करायच्या आत उभा राहिलो. माझं बघून शेजारचा उभा राहिला, त्याचं बघून सगळा वर्ग. बाईंनी हातानं “बसा, बसा” अशी खूण केली आणि पहिल्या बाकावर जाऊन त्याही बसल्या. पाच मिनिटांनी खरी शिकवणारी मुलगी आली. सव्वीस वर्षांची, जीन्स घातलेली, ठाण्यातल्याच एका जुन्या ख्रिस्ती गावठाणातली. तिच्यासाठी कुणीच उभं राहिलं नाही. बाईंनी मागं वळून सगळ्यांकडं असं पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून वर्ग रोज उभा राहायला लागला. आठवड्याभरात ती मुलगीसुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणायला लागली.

छत्रीच्या खोळीत युरोपचा नकाशा होता. शाळेनं नवे नकाशे आणले तेव्हा हा रद्दीत निघाला आणि बाईंनी घरी नेला. तो इतका जुना होता की त्यात जर्मन्या दोन होत्या. एक गुलाबी, एक पिवळी. मधल्या सीमेवर बाईंनी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून देश एक करून घेतला होता. “नवा घ्या ना बाई, शंभर-दोनशेला मिळतो,” असं मी म्हणालो तर म्हणाल्या, “नव्यात नद्या बारीक काढतात रे. रस्ते जाड आणि नद्या बारीक. असल्या नकाशावर माणसानं काय विश्वास ठेवायचा?” जर्मन शिकायचं कारणही त्यांनी असंच नदीतून काढलं. नकाशात ऱ्हाईन नदी खालून वर जाते, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडं, आणि दर वर्षी वर्गातलं एखादं पोर विचारायचंच, “बाई, पाणी वरती कसं चढतं?” तीस वर्षं बाईंनी उत्तर दिलं की नकाशातलं वर म्हणजे उत्तर, उंच नव्हे. “उत्तर बरोबरच होतं,” त्या म्हणाल्या, “पण मी स्वतः काही पाहिलं नव्हतं. आता रिटायर झालेय. एक वर्ष तिथं राहून भाषा शिकायची आणि नदी बघायची. भाषा इथं थोडी, तिथं पुरती. प्रश्न एवढाच, की राहायचं कुठल्या गावात?”

हा प्रश्न इतर कुणालाही पडला असता तर त्यानं चार व्हिडिओ बघितले असते. बाईंनी दर शहराला एक शंभर पानी वही घातली आणि वीस मार्कांचा पेपर काढला. पाण्याला पाच मार्क, भाषेच्या शुद्धतेला पाच, उन्हाला तीन, भाजीला दोन, चालण्याजोग्या रस्त्यांना तीन आणि उरलेले दोन त्यांच्या मर्जीचे. पण नुसतं वाचून मार्क देणं त्यांना अन्याय वाटे. मुलानं लिहिलेलं न तपासता मार्क द्यावेत तसं. म्हणून एकेका शहरात त्या आठवडाभर राहत. राहत म्हणजे डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या आपल्या दोन खोल्यांतच, पण त्या गावच्या हवामानानं आणि त्या गावच्या नियमांनी. हॅम्बुर्गचा आठवडा नेमका एप्रिलच्या शेवटी आला. ठाण्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि बाई पायघोळ रेनकोट घालून वर्गात आल्या. रिक्षावाला म्हणाला होता, “मावशी, ऊन आहे!” बाई म्हणाल्या, “इथं आहे.” वर्ग संपेपर्यंत त्या घामानं निथळत होत्या, पण वहीत लाल शाईनं शेरा पडला: ‘सततचा पाऊस. प्रकृतीस मानवणार नाही. ११.’ फ्रायबुर्गच्या आठवड्यात त्यांनी कचऱ्याचे चार डबे केले. कागदाचा, ओल्याचा, प्लास्टिकचा आणि ‘विचार करावयाचा’. सकाळी सोसायटीच्या मावशींनी चारही डबे त्यांच्या डोळ्यांदेखत एकाच गाडीत पालथे केले. बाईंनी सहानुभूती म्हणून फ्रायबुर्गला एक मार्क वाढवून दिला.

रविवारी तिकडं दुकानं बंद असतात असं समजल्यापासून तर कुठल्याही शहराचा आठवडा असो, बाई रविवारी काही म्हणून विकत घेत नसत. एकदा मी आणि वर्गातली दोघं जण रविवारी त्यांच्याकडं गेलो. कपात कोरा चहा आला. “दूध संपलंय,” बाई म्हणाल्या, “आणि आज दुकानं बंद.” खिडकीतून खाली पाहिलं तर वाणी दारातच दुधाच्या पिशव्यांचा क्रेट घेऊन उभा. त्यानं वर बघून हातही केला. बाईंनी त्याला हात केला आणि खिडकीचा पडदा ओढला. हॅनोव्हरला दुपारी एक ते तीन गोंगाट करत नाहीत असं कुठंसं वाचून त्या वरच्या मजल्यावर मिक्सर बंद करायला सांगायला गेल्या होत्या. वरचे काका म्हणाले, “अहो बाई, खाली बघा, बस, टेम्पो, बँडवाला, सगळं चालू आहे. एका माझ्या मिक्सरनं काय होणार?” बाई म्हणाल्या, “सुरुवात कुणीतरी करायला हवी.” काकांनी चटणी पाट्यावर वाटली. तो आवाज जास्त झाला.

म्युनिक त्यांनी पहिल्या फेरीतच गाळलं, कारण तिथं लोक आपली बोली बोलतात. “आधी प्रमाण भाषा पक्की व्हावी, मग बोली,” हा त्यांचा नियम. “मी सासरी मालवणी शिकले ती मराठी पक्की होती म्हणून. नाहीतर धड ना हे धड ना ते झालं असतं.” बर्लिनला त्या दीडच दिवस राहिल्या. तिथं दुकानात, हॉटेलात सगळीकडं इंग्रजी चालतं असं कुणीतरी सांगितलं. “मग ठाणं काय वाईट आहे?” म्हणून त्यांनी वही मिटली. कोलोनला देऊळ-चर्च उत्तम पण गर्दी, ड्रेस्डेनला थंडी, स्टुटगार्ट डोंगरात. “गुडघ्यांचं काय?” स्टुटगार्ट मला जायचं होतं, म्हणून त्यांनी त्याला मर्जीचे दोन्ही मार्क देऊन पास केलं. लाइपझिशला सोळा पडले, आणि ग्योटिंगेन नावाच्या, पुस्तकं आणि सायकली सोडून काही नसलेल्या गावाला सतरा. ग्योटिंगेनच्या आठवड्यानंतर शेरा होता: ‘उत्तम. सातत्य राखावे.’

पाण्याला मात्र त्या सगळ्यात कडक होत्या. लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं बाई डोंबिवलीजवळच्या दिवा गावात राहिल्या होत्या. तिथं नळ कधी येईल हे नळालाच ठाऊक असायचं. टँकर आला की हातातलं ठेवून हंडा-कळशी घेऊन चार जिने उतरायचं आणि मग शाळेत येऊन मुलांना जगातली मोठी धरणं शिकवायची. ती वर्षं त्यांनी कधी रडून सांगितली नाहीत. एवढंच म्हणत, “गाव बघताना मी पहिल्यांदा नळ बघते. बाकी सगळं नंतर शिकता येतं.” पण जर्मनीतल्या पाण्याबद्दल पुस्तकात धड माहिती मिळेना. पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, याविषयी कुठलंच शहर अवाक्षर काढत नव्हतं, आणि बाईंना त्या गप्प राहण्याचाच संशय यायला लागला.

त्याच सुमारास त्यांच्या शेजाऱ्यांनी बातमी आणली, की ते काम करतात त्या मानपाड्याच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आलाय. बाईंनी शेजाऱ्यांमार्फत तिथल्या साहेबांकडून दुपारच्या सुटीतली वीस मिनिटं मिळवली, आणि मला शनिवारी माजिवड्याहून बोलावून घेतलं. “माझी तोंडी परीक्षा आहे,” म्हणाल्या, “तू पर्यवेक्षक. मधे बोलायचं नाही.” आम्ही गेलो तेव्हा तो सहा फुटी, लालबुंद झालेला गृहस्थ पंख्याखाली एका खोक्यावर बसला होता. बाईंनी आधी डबा उघडून त्याच्या पुढ्यात घावणं आणि चटणी ठेवली, तो एक घास खाईपर्यंत थांबल्या आणि मग कागद बघून पहिला प्रश्न विचारला: “वी फीले श्टुन्डेन हाबेन झी वासर?” तुमच्याकडं पाणी किती तास असतं? त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा विचारलं, नळ सोडल्याची खूण करून. तो म्हणाला, “इमर.” नेहमीच. बाई माझ्याकडं वळल्या. “नेहमी म्हणजे? मग भरून ठेवत नाहीत?” मी म्हटलं, “नसतील, बाई.” “पिंप नाही? काहीच नाही?” “नसेल.” त्यांनी पुढचे तीन प्रश्न विचारलेच नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला.

मग तोच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, की तो कोब्लेन्त्सजवळच्या एका खेड्यातला आहे. नाव ऐकताच बाई एकदम ताठ झाल्या. त्यांनी शेजाऱ्यांच्या खिशातलं मार्कर काढलं, मशीनच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडं गेल्या आणि आम्हाला शाळेत काढून दाखवत तशी, मान न वळवता, एका दमात ऱ्हाईन काढली, डावीकडून मोझेल आणून तिला मिळवली, आणि दोघींच्या पाण्याला बाण दिले. मिळाल्या त्या टोकावर एक ठिपका. “कोब्लेन्त्स,” बाई म्हणाल्या. तो माणूस घावणं हातात धरून उठला, जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाला, “गेनाउ!” म्हणजे अगदी बरोबर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पेपरावर ‘बरोबर’ लिहीत आलेल्या बाई त्या एका शब्दानं लाजल्या. परतीच्या वाटेवर रिक्षात त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्या रात्री बाराव्या वहीवर नाव पडलं असणार, कारण सोमवारी ती वर्गात आली.

कोब्लेन्त्सला मार्क तेराच मिळाले. ऊन बेताचं, भाजी ठीक, आणि मुख्य म्हणजे तिथले जुने लोक घरात बोली बोलतात. आम्ही सगळ्यांनी ग्योटिंगेनची बाजू घेतली. वर्गातली शिकवणारी मुलगी मात्र म्हणाली, “बाई, आमच्या घरी या एकदा. माझी आजी बोलते ते तुम्हाला किती कळतंय बघू.” त्या घरातली मराठी ठाण्याचीच, पण पोर्तुगीज शब्द गिळून मोठी झालेली आणि तिचा सूर अगदी वेगळा. बाई रविवारी गेल्या. तीन तास बसल्या. आजींनी फुगे नावाचे पिठाचे गोळे तळून घातले आणि लग्नातली गाणी म्हणून दाखवली. परत आल्यावर मी विचारलं, “कळलं का?” “निम्मं कळलं,” बाई म्हणाल्या, “निम्म्याला आम्ही दोघी हसलो. चाललं की! उगाच घाबरत होते मी बोलीला.” आणि वहीत भाषेचे मार्क न बदलता त्यांनी कोब्लेन्त्सचा तेराचा आकडा तसाच ठेवून खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कमी मार्कांच्या मुलाला पहिला नंबर दिला.

मध्ये एक अपघात झाला. बी-वन नावाची जी तिसरी पायरी असते ती पास झाल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि त्या परीक्षेत त्या नापास झाल्या. ऐकण्याच्या भागात एका स्टेशनवरची घोषणा होती: गाडी फ्रांकफुर्टहून कासेलमार्गे म्युनिकला जाईल. हे बरोबर की चूक, एवढंच सांगायचं होतं. बाईंनी ‘चूक’वर खूण केली. कासेल उत्तरेला, म्युनिक दक्षिणेला. कुठली गाडी कशाला असा वळसा घेईल? तो राग उतरेपर्यंत पुढचे पाच प्रश्न निघून गेले. निकाल लागला त्या दिवशी त्या वर्गाला आल्या, पण शेवटच्या बाकावर, माझ्या शेजारी बसल्या. बराच वेळ पेनाचं टोपण काढलं-लावलं. मग हळूच म्हणाल्या, “मुलं नापास झाली की मी त्यांना सांगायची, पुन्हा बस, त्यात काय. फार सोपं असतं रे सांगणं.” मी त्यांच्यासाठी खालून वडापाव आणला. त्यांनी खाल्ला.

याच दिवसांत त्यांच्या मुलाचा मला फोन आला. तो शाळेत मला दोन वर्षं मागे, त्यामुळं अजून ‘दादा’ म्हणतो. कल्याणला राहतो, नोकरी ठाण्यात. आम्ही संध्याकाळी तिथल्याच तलावपाळीवर भेटलो. “दादा, तू समजाव ना यार तिला,” तो म्हणाला. “माझं काही ऐकतच नाही. मी कल्याणातच खडकपाड्याला मोठा फ्लॅट बघितलाय, तिला वेगळी रूम, खाली गार्डन. नातीला तिची इतकी सवय आहे. आणि हिचं मधेच काय, तर जर्मनी! गुडघे दुखतात, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तिकडं काही झालं तर मी काय करू, सांग? मी पोचणार कधी?” तो रडकुंडीला आला होता. वाईट मुलगा नव्हे. आई दुपारी जेवली का म्हणून रोज फोन करणारा. “आता नापास झालीय ना,” तो म्हणाला, “आत्ताच सांगितलंस तर ऐकेल. तुझं ऐकते ती.”

मी रविवारी बाईंकडं गेलो. त्या जमिनीवर नकाशा पसरून बसल्या होत्या. “त्यानं पाठवलं ना तुला?” मी अजून चप्पल काढत होतो. “हो,” मी म्हटलं. “बरं केलंस, खरं बोललास. बस. आता समजाव मला.” मी समजावलं. गुडघे, कान, थंडी, खडकपाडा, नात. सगळे मुद्दे सांगितले, निबंधात मुद्दे लिहावेत तसे. बाई ऐकत होत्या. मध्ये एकदा नकाशाच्या दुमडणाऱ्या कोपऱ्यावर त्यांनी तांब्या ठेवला. माझं संपल्यावर म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे. खडकपाड्याला पाणीही चांगलं आहे, मी चौकशी केली.” मग तांब्या जरा सरकवत म्हणाल्या, “पण असं बघ. लहानपणी वडलांची बदली व्हायची तिथं आम्ही राहिलो. लग्न झालं, ह्यांना खोली दिव्याला मिळाली, मी दिव्याला राहिले. मुलाच्या शाळेसाठी डोंबिवलीला आले. आता त्याच्या मुलीसाठी कल्याणला जायचं, जाईन, माझी काही तक्रार नाही. पण राहायचं गाव मी कधी निवडलंच नाही रे. एक वर्ष एक गाव निवडून राहते. मला जमतं का ते तरी बघू दे.”

मी चहा घेतला. दूध होतं, रविवार असूनही. निघताना जिन्यात मुलाला फोन लावला आणि सांगितलं, “मला नाही जमलं.” तो म्हणाला, “मलाही वाटलंच होतं.” दुसऱ्या दिवसापासून तो बदलला नाही, पण कामाला लागला. फॉर्म त्यानं भरले, फोटो त्यानं काढून आणले, कोब्लेन्त्सच्या भाषेच्या शाळेला मेल त्यानं लिहिले आणि प्रत्येक मेल पाठवून झाला की म्हणायचा, “आई, अजून विचार कर.” बाई दुसऱ्यांदा परीक्षेला बसल्या. नकाशा घरी ठेवून गेल्या. नंतर सांगत होत्या, “गाडी कुठूनही कुठंही जाऊ दे म्हटलं, आपण नुसतं ऐकायचं.” काठावर का होईना, पास झाल्या. व्हिसाच्या मुलाखतीत त्यांना म्हणे विचारलं, हेच शहर का निवडलं? बाईंनी पहिल्या शहरापासून सुरुवात केली. सातव्या शहरापर्यंत आल्या तेव्हा समोरच्या बाईंनी हसून हात वर केला.

माझं तोपर्यंत वेगळंच झालं होतं. स्टुटगार्टचं काम आमच्या कंपनीनं पुण्याच्या ऑफिसला दिलं. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी नक्की. इथंच बढती मिळाली, मग घराचं झालं, लग्नाचं झालं. जर्मनच्या दोन पायऱ्या पास झालो होतो, तिसरीची परीक्षा मात्र फी भरूनही द्यायची राहिली. बाई जायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडं गेलो तर घर माणसांनी भरलं होतं. बॅगेत प्रेशर कुकर बसत नव्हता आणि सून तो बसवत होती. नात युरोपच्या नकाशावर पोट टेकून रंगीत खडूनं घोडे काढत होती आणि बाई तिला अडवत नव्हत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला उठवून उभं केलं आणि म्हणाल्या, “तुझी सहामाहीची उत्तरपत्रिका अजून आठवते मला. हिमालय तेवढा बरोबर काढला होतास.” मी म्हटलं, “बाई, बाकीचं तुम्ही बघून या.” त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात कुकर बसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्ष म्हणून गेलेल्या बाईंना आता दुसरं वर्ष चालू आहे. मुलाकडून कळतं. भाषेची शाळा संपल्यावर तिथल्या एका वाचनालयात आठवड्यातून दोनदा त्या परदेशी मुलांना नकाशा वाचायला शिकवतात, बिनपगारी. घरमालकीणबाई त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. दोघी मिळून नदीकाठी फिरायला जातात आणि हळू कोण चालतं यावर वाद घालतात. बाईंच्या वर्गात सगळ्यात तरुण पोरगा एकोणीस वर्षांचा होता, आणि तो त्यांना काय म्हणायचा ते मी विचारलं नाही, पण मला माहीत आहे. खडकपाड्याच्या घराचा ताबा मिळाला. बाईंची खोली तयार आहे. मुलगा सांगतो की नात तिथं कुणाला झोपू देत नाही.

मला सुरुवातीला त्यांचे मेसेज मराठीत यायचे. मग निम्मे मराठी, निम्मे जर्मन. गेल्या आठवड्यात ऑफिसला जाताना आवाजातला एक मेसेज आला, अडीच मिनिटांचा, सगळाच्या सगळा जर्मन. मी माजिवड्याच्या सिग्नलला गाडीत ऐकला. बाई इतक्या भरभर बोलत होत्या, मागं कुणीतरी हसत होतं, वारा होता, आणि मला त्यातलं माझं नाव सोडून जवळजवळ काहीच कळलं नाही. पुन्हा लावला. नदी कळली, पूल कळला, ‘थंडी’ कळली. तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा शेवटचं वाक्य कळलं, कारण ते त्यांनी मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं होतं, आणि ते पहिल्या महिन्यात शिकवतात इतकं सोपं होतं. “वान कोम्स्ट दू?” तू कधी येतोयस?

उत्तर जर्मनमध्येच द्यायला हवं होतं. मी ‘बघू’ लिहिलं, आणि पुसलं. सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न मारत होते, आणि ‘बघू’ला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला काही केल्या आठवेना.